आमच्या गावातली जुनी टाकीज: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला लोखंडी गेट, आत तिकिटाच्या तीन खिडक्या आणि मागे लांबच लांब सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर, ती आमची टाकीज. मालकाच्या घरच्यांनी चावी आमच्याकडे दिली तेव्हापासून आम्ही पाच-सहा जण तिची झाडझूड, दुरुस्ती अन् बुकिंग पाहतो. माझे मोठे काकाजी तिथे ऑपरेटर होते, त्यामुळे मी लहानपणी पिच्चर खुर्चीवरून कमी आणि मशीनच्या खोलीतल्या खिडकीतून जास्त पाहिले. फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात, बाहेरगावचे लोकही आपल्या गावातल्या बंद टाकीजबद्दल विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

टाकीज बंद आहे ना, मग तिथे चालते काय?

पिच्चर बंद आहे, टाकीज बंद नाही. सकाळी बाल्कनीत पोट्टे अभ्यासाला बसतात, दुपारी बचत गटाच्या बायांची मिटिंग राहते, दिवाळीनंतर नाटकं, जानेवारीत शाळांची गॅदरिंग, एप्रिल-मे मध्ये लग्नं. एका वर्षी नाल्याचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं तेव्हा चार दिवस घरंच्या घरं इथे राहिली, बाल्कनीत बाया-लेकरं अन् खाली माणसं. वर्षातून तीन-चार वेळा पडद्यावर पिच्चरही दाखवतो.

टाकीज पिच्चरसाठी बांधली, तिथे लग्नं लावणं बरोबर वाटते का?

हा प्रश्न जास्त करून म्हातारी माणसं विचारतात आणि त्यांच्या मनात राग नसतो, दुःख असते, ते मला समजते. पण काकाजी सांगायचे की टाकीज कधीच नुसत्या पिच्चरची नव्हती. पडद्याच्या पुढे जो लाकडी मंच आहे तो पिच्चरसाठी लागतच नाही, तो नाटकासाठी होता. निवडणुकीची सभा पावसात इथेच व्हायची, भजनाचे कार्यक्रम व्हायचे, खंजिरी घेऊन मंडळं यायची, शाळेचं बक्षीस वाटप व्हायचं. चांगला पिच्चर नसला की मालक आठवडा आठवडा हॉल दुसऱ्याला द्यायचे. गावात एवढ्या लोकांना एका छताखाली बसवणारी, मधात एकही खांब नसलेली दुसरी जागाच नव्हती आणि आजही नाही. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच आहे की वापर बदलला तर बदलू द्या, ही बिनखांबाची मोठी खोली तुकडे न होता राहिली पाहिजे आणि तिच्यात कोणालाही जाता आलं पाहिजे.

एवढ्याशा गावात एवढी मोठी टाकीज कोणी अन् काहून बांधली?

कापसाने बांधली असं म्हणलं तरी चालते. वऱ्हाडात जिथे जिथे जिनिंग-प्रेसिंग होती, रेल्वेचं स्टेशन होतं, कापसाचा बाजार होता, तिथे हातात नगद पैसा असलेले लोक होते आणि हंगामात बाहेरून आलेले मजूर, हमाल, दलाल, गाडीवान होते, त्यांना संध्याकाळी जायला जागा पाहिजे होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या शकुंतला रेल्वेच्या रस्त्यावरची गावं आठवून पाहा, कापूस वाहायलाच ती छोटी लाइन टाकली होती. १४ मार्च १९३१ ला मुंबईत पहिला बोलपट लागला, त्यानंतर जिथे वीज किंवा इंजिन होतं तिथे हळूहळू असे हॉल उभे राहिले, आणि बोलणारा पिच्चर म्हणून नावच टाकीज पडलं. त्याच्या आधीपासून अन् नंतरही कितीतरी वर्षं जत्रेत तंबूतला पिच्चर यायचा, खाली सतरंजी नाहीतर मातीच.

टाकीजचा हंगामही कापसाचाच होता. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली, हातात पैसा आला, की रोज हाऊसफुल. १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा आला तर टाकीजची गर्दीही उशिरा यायची. पेरणीच्या दिवसांत मात्र खुर्च्या रिकाम्या. पोळ्याला अन् तान्ह्या पोळ्याला परत गर्दी, त्या दिवशी काकाजी घरी जेवायलाही येत नव्हते, आई डबा द्यायला मला पाठवायची.

पिच्चरची पेटी कुठून यायची?

अमरावतीहून. विदर्भ हा पिच्चरच्या धंद्यात 'सीपी बेरार' मध्ये मोडते, म्हणजे जुना मध्य प्रांत अन् वऱ्हाड. तो प्रांत केव्हाचा गेला, विदर्भ १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी धंद्यातलं नाव बदललं नाही, आणि वितरकांची ऑफिसं अमरावतीत होती. या सर्किटची, म्हणजे पिच्चर वाटपाच्या या भागाची, संघटना भुसावळला. पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या आणि पोरं स्टँडवर पेटीवरचं नाव वाचायला उभी राहायची.

पेटीत किती माल राहायचा ते सांगतो, कारण आजच्या पोरांना ते खरं वाटत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटांत संपते. अडीच तासाचा पिच्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म, चार किलोमीटरच्या वर! दोन मशीन शेजारी शेजारी, एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकायचा आणि ऑपरेटर दुसरी मशीन सुरू करायचा. उजेड कार्बनच्या कांड्यांचा, दोन कांड्यांच्या मधात जाळ, कांड्या जळून आखूड व्हायच्या म्हणून सारख्या पुढे सरकवत राहाव्या लागायच्या, धूर जायला वर चिमणी. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, आत काय असेल समजून घ्या. काकाजींच्या अंगावर फक्त बनियन राहायची आणि खांद्यावर ओला दुपट्टा.

मग बंद काहून पडल्या?

एका कारणाने नाही पडल्या, आणि "मोबाईल आला म्हणून" हे उत्तर अर्धंच आहे. पहिला धक्का १९८२ नंतर, टीव्ही रंगीत झाला, मग व्हिडिओ आला, एका खोलीत व्हीसीआर लावून दोन-दोन रुपयांत पिच्चर दाखवायला लागले. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या तेव्हा मॅटिनी रिकामी जायला लागली. नव्वदच्या पुढे केबल. हे सगळं होऊनही टाकीज चालत होती, कारण नवा पिच्चर मोठ्या पडद्यावर पाहायची हौस होतीच, पण लहान गावात प्रिंट यायची ती शहरात फिरून फिरून, ओरखडे पडलेली, तुटून जोडलेली, तोवर तोच पिच्चर पायरेटेड सीडीवर घरोघरी पाहून झालेला.

वरून कर होता. महाराष्ट्रात करमणूक कराचा कायदा १९२३ चा, तो कर तिकिटात धरलेला, आणि भारनियमनाच्या काळात जनरेटरचं डिझेल मालकाच्या खिशातून. मग डिजिटल आलं. २०१२ ते १४ च्या आसपास फिल्मच्या प्रिंट येणंच बंद झालं, ज्याच्याकडे डिजिटल मशीन त्यालाच पिच्चर, आणि त्या मशीनचा खर्च आमच्यासारख्या टाकीजला पेलणारा नव्हता. काही गावांत उपग्रहावरून पिच्चर उतरवून घ्यायची सोय भाड्याने मिळाली, त्या थोडं टिकल्या. शेवटी मार्च २०२० ला सगळं बंद, नोव्हेंबर २०२० ला अर्ध्या खुर्च्यांवर उघडलं, पुढच्या एप्रिलमध्ये परत बंद, ते २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं. तेवढ्या काळात ज्यांच्या खुर्च्या उंदरांनी खाल्ल्या त्यांनी परत दार उघडलंच नाही.

परत रोजचा पिच्चर सुरू करता येईल का?

येईल, पण सगळ्या हॉलमध्ये नाही. सहाशे-सातशे खुर्च्या रोज भरत नाहीत. मला जे पटते ते असं की बाल्कनीच्या भागात शंभर-दीडशे खुर्च्यांचा छोटा पडदा आणि खालचा हॉल बाकी कामांसाठी मोकळा. तिकिटाचा कर आता पहिल्यासारखा भारी नाही, २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, गावातलं तिकीट तेवढ्यातच बसते. पण सिनेमाचं लायसन्स कलेक्टर ऑफिसचं लागते, ते दुसऱ्या वापरात चालून जात नाही. आणि एखाद दिवस दाखवायचा असला तरी पिच्चरच्या हक्कदाराची परवानगी घ्या, पेनड्राइव्ह लावून तिकीट फाडणं ही चोरीच आहे.

तोडून कॉम्प्लेक्स बांधला तर मालकाचा फायदा नाही का?

गाळ्यांचं भाडं येईल, ते नाकारत नाही. मालकाने आयुष्यभर तोटा सोसावा असं मी कोणालाच म्हणत नाही. पण आमच्याच तालुक्यात फिरून पाहा, नवीन कॉम्प्लेक्सचे वरच्या मजल्यावरचे किती गाळे शटर खाली करून पडले आहेत. गाळा काय, कुठेही बांधता येतो. अशी मोठी खोली आता नव्याने बांधायला कोणी पैसे लावणार नाही, एकदा तोडली की गावाला ती परत मिळत नाही. आमच्या मालकाने मधला रस्ता काढला, रस्त्याकडच्या बाजूला जिथे पोस्टरचे बोर्ड अन् पानठेला होता तिथे चार दुकानं काढली, त्याच्या भाड्यात घरपट्टी अन् लाइटबिल निघते, आणि हॉलला हात नाही लावला. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटते.

लग्नासाठी हॉल द्यायचा तर आतला उतार मुरूम टाकून भरून घ्यावा का?

नका भरू. हे मी हात जोडून सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच कामात होऊन राहिलं.

टाकीजची जमीन मागून पुढे उतरत जाते, पडद्याजवळ अन् शेवटच्या रांगेत चार-पाच फुटांचा फरक सहज राहतो. सपाट करायला लोक ट्रॉल्यांनी मुरूम आणून टाकतात. आता बाजूची भिंत काय काम करते ते पाहा, ती छताचं वजन खाली उतरवते, आतून बाहेर ढकलणारा मातीचा भार झेलायला ती बांधलेलीच नाही. पावसाळ्यात भरणीत पाणी मुरते, भार वाढते, ओल भिंतीत चढते. त्यात आपली काळी कापसाची जमीन, पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात ना, तीच जमीन भिंतीच्या पायाखाली आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका टाकीजची भिंत भरणी केल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात बाहेर फुगली, मी स्वतः जाऊन पाहिली, ओळंबा लावायचीही गरज नव्हती, डोळ्याने दिसत होतं.

आम्ही लोखंडी अँगलची चौकट करून त्याच्यावर जाड प्लायच्या फळ्या टाकल्या, फक्त पुढच्या तिसऱ्या भागात. लग्न लागते तिथे. मागच्या खुर्च्या उतारावर तशाच, उलट मागच्या माणसालाही नवरा-नवरी नीट दिसतात, सपाट लॉनवर ते दिसत नाहीत. जेवणाच्या पंगती बाहेर, सायकल स्टँडच्या शेडमध्ये. आणि कधी नाटक असलं की फळ्या उचलून ठेवता येतात. खालची माती, पाणी, हवा सगळं मोकळं राहते.

अजून एक, भिंतींना टाइल लावू नका. जुन्या भिंतीवर जे भुसकट-काथ्याचे बोर्ड आहेत ते आवाज पिऊन घेतात, टाइल लावली की भटजींचा आवाजही घुमते अन् काहीच समजत नाही. बोर्डाला वाळवी लागली असेल तर काढा, पण त्या जागी जाड कापड, गोणपाट, काहीतरी मऊ आलं पाहिजे. आणि ते आग पकडणारं नसावं, त्याचा लेप मिळते, तो मारून घ्या.

उन्हाळ्यात आत बसवते का?

बसवते. पत्र्यावर दरवर्षी होळीच्या आधी पांढरा चुना मारतो. कूलर लावताना एक चूक सगळे करतात, सगळी दारं-खिडक्या लावून घेतात. कूलरची हवा बाहेर निघाली नाही तर दमट होऊन जीव घाबरतो. जुन्या लोकांनी छताखाली जी झरोक्यांची रांग ठेवली ती याच्यासाठीच होती, आमच्याकडे कोणीतरी ती विटांनी बुजवली होती, आम्ही उघडली.

सिमेंटचे पत्रे फुटले तर काढून टाकायचे का?

जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. पत्रा साबूत आहे तोवर तो काही करत नाही. फोडला, कापला, ड्रिल मारलं की बारीक तंतू हवेत उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी निघते. म्हणून काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करा, बोल्ट खोलून अख्खा उतरवा, वरून फेकू नका, खालचा चुरा कोरड्या झाडूने झाडू नका. कामावरच्या माणसांना चांगला मास्क द्या. ते मजूर आपल्याच गावचे राहतात.

कापूस, सोयाबीन, तूर ठेवायला गोडाऊन म्हणून दिली तर?

काही गावांत दिल्या आहेत. पैसा बसल्या जागी येते हे खरं. पण कापूस ठेवला की वायरिंगची एक ठिणगी पुरते, धान्य ठेवलं की उंदीर, आणि भिंतीला टेकवून पोत्यांची थप्पी लावली की परत तोच भिंतीवर भार. शिवाय गोडाऊन झालं की दार बंद, गावातली माणसं आत जाणं बंद. नाइलाज असेल तर एक हंगामापुरतं द्या, भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून, खाली लाकडी फळ्या ठेवून.

झाडीपट्टीसारखी नाटकं इथे होऊ शकतात का?

होतात! तिकडे, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) अन् शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की रात्रभर नाटक, देसाईगंज-वडसा हे त्याचं केंद्र, आणि त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. त्यांचा प्रेक्षक मैदानात मंडप टाकून हजारोंनी बसते, एवढे लोक टाकीजमध्ये मावत नाहीत. पण आमच्या भागातल्या हौशी मंडळांना टाकीज सोयीची पडते. अडचण ही की मंच पुरेसा खोल नव्हता, पडद्याच्या मागे भोंग्यांसाठी (पडद्याला बारीक भोकं राहतात, आवाज त्याच्यातून येतो) तेवढीच जागा सोडलेली. आम्ही पडदा वर गुंडाळायची सोय केली, मागची भिंत चुन्याने पांढरी केली, आता मंच दहा-बारा फूट खोल मिळते. नवीन संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणा, ऐनवेळी नको.

रात्री १० नंतर माइक चालते का?

उघड्यावर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद आहे, सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरायची मोकळीक आहे, आवाज बाहेर त्रास देणार नाही या अटीवर. नाटकवाल्यांना टाकीज हवीहवीशी वाटते ती याच्यामुळे. डीजे मात्र आम्ही देत नाही, मागे दवाखाना आहे आणि पत्रेही थरथरतात.

सगळी दारं उघडी काहून ठेवता, कुलूप काहून नाही लावत?

कार्यक्रम चालू असताना एकाही दाराला कुलूप नाही, कोणी फुकट शिरलं तर शिरू द्या. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार टाकीजमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर बाल्कनीत चढला, बाहेर निघायचे रस्ते अडलेले होते, ५९ माणसं गेली. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, जाण्याच्या वाटेत खुर्ची नको, मोटारसायकल नको, केटररची भांडी नकोत. लग्नवाले यावर चिडतात, तरी आम्ही ऐकत नाही.

जुनी मशीन, रिळं, पोस्टर सापडले, भंगारात देऊ का?

थांबा. मशीन जड आहे म्हणून भंगारवाला किलोवर मागते, तुम्ही देऊ नका, पुसून, तेल देऊन तिकिटाच्या खोलीत ठेवा, शाळेची पोरं पाहायला येतील. आमच्याकडे येतात. रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे, बाकीच्यांपासून वेगळी, थंड जागी ठेवा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर जास्त सांभाळून, जुनी नायट्रेट फिल्म पेट्रोलसारखी पेटते अन् पाण्यानेही विझत नाही, मशीनच्या खोलीला जाड भिंती अन् लोखंडी झडपा त्याच्यासाठीच होत्या. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून, ते फिल्मच नाही तर पोस्टर, फोटो, गाण्यांच्या चोपड्याही जपतात. त्यांना फोटो काढून विचारा.

बायांसाठी वेगळी खिडकी अन् वेगळी बाजू होती, ती अजून आहे का?

खिडकी आहे, वर 'स्त्रिया' लिहिलेलं अजून वाचता येते. मधली आडभिंत काढली. माझी आई सांगते की घरून एकटीने जायची परवानगी मिळायची अशी गावात दोनच ठिकाणं होती, मंदिर आणि टाकीजची ती बाजू. आता त्याच जागेत बचत गटाची मिटिंग भरते, बाया तीच जागा मागतात.

अभ्यासिकेत जागा मिळेल का, भाडं किती?

अभ्यासाला फी नाही, आपली चटई अन् पाण्याची बाटली आणा, नाव वहीत लिहा. लग्नाचं भाडं सगळ्यात जास्त, नाटकाचं त्याच्या अर्ध्याहून कमी, शाळा अन् बचत गटाला फक्त लाइटबिल. मयतीनंतरच्या तेरवीला पावसाळ्यात जागा लागली तर काहीच घेत नाही.

आत येऊन पाहता येईल का?

या ना. रविवारी सकाळी ८ ते १० आमच्यातला कोणीतरी राहतेच. बाल्कनीच्या जिन्याने वर या, मशीनची खोली उजव्या हाताला आहे, दार वाकून जायचं. भिंतीवर काकाजींनी पेन्सिलने प्रत्येक पिच्चरचं नाव अन् किती आठवडे चालला ते लिहून ठेवलं आहे, त्या भिंतीला आम्ही रंग मारला नाही. हात लावू नका, पेन्सिल पुसून जाते.